ठासणीची बंदूक आणि तिचा नेम

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. सातारा जिल्ह्याचे हे उत्तरेकडील दार होय. आज तेथे कारखान्यांच्या इमारती आणि हमरस्त्यावरील वाहनांची अखंड रांग दिसते. परंतु नदीकाठी सुभानमंगळ नावाच्या भुईकोटाच्या उरल्यासुरल्या खुणा अजून आहेत. बाकीचा कोट नीरेने हळूहळू गिळला. १६४८ साली विजापूर दरबाराचा सरदार फत्तेखान शिवाजीराजांवर चालून आला, तेव्हा त्याच्या बाजूच्या बाळाजी हैबतरावाने हा कोट घेतला आणि राजांनी पाठविलेल्या कावजी मल्हाराने तो परत जिंकला. परमानंद कवींच्या 'शिवभारता'त ह्या प्रसंगाचे वर्णन आहे आणि इतिहासाच्या पुस्तकांतूनही तो वाचावयास मिळतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र लढाईची बंदूक नव्हे. त्याच मुलखात, त्याच नीरेच्या खोऱ्यात आणि वर मावळ-जावळीच्या रानांत आणखी एक बंदूक नांदत होती. ती शिकाऱ्याची, शेताच्या राखणदाराची, गडाच्या मेटावर रात्र जागविणाऱ्या रामोश्याची बंदूक. इतिहासकार तिच्याकडे फारसे वळत नाहीत. तोफांवर ग्रंथ झाले, तलवारींवर झाले. परंतु गरिबाच्या खांद्यावरची नळी उपेक्षितच राहिली.

शिपायाच्या आणि शिकाऱ्याच्या बंदुकीत मोठा फरक आहे. पलटणीतील दोनशे माणसे एका हुकुमासरशी बार काढतात, तेव्हा एकेकाचा नेम चुकला तरी समोरच्या गर्दीत काही गोळ्या लागतातच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील बहुतेक सैन्ये ह्याच हिशेबावर लढली. शिकाऱ्याला हा हिशेब परवडत नाही. त्याच्यापाशी एक नळी, एक बार आणि समोर एकच जनावर. नेम हातभर चुकला तर जनावर सुखरूप जाते. नेम वीतभर चुकला तर त्याहून वाईट घडते. जनावर जखमी होऊन झाडीत शिरते आणि दोन-तीन दिवस तडफडून मरते, किंवा रानडुक्कर असेल तर हाकाऱ्याच्या मांड्या फाडते. म्हणून नेमाची काळजी ही शिकाऱ्याच्या दृष्टीने चैनीची गोष्ट कधीच नव्हती. आपल्या बंदुकीला घरच्या घरी, कानस, सुई, चिंधी आणि गरम पाणी एवढ्या सामग्रीवर सुधारण्याची कला ह्या गरजेतूनच जन्मास आली.

बंदूक आपल्याकडे आली ती थेट युरोपातून, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतले, तेव्हा तेथे बंदुका घडविणारे कारागीर आधीपासूनच काम करीत होते. डिसेंबर १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने ह्या कारागिरांची मनापासून वाखाणणी केली आहे. त्या काळी बोहेमियातील बंदुका उत्तम मानल्या जात. गोव्याचे लोहार त्यांच्या तोडीचे काम करतात, असे त्याचे मत झाले होते आणि त्याने नमुन्यादाखल गोव्यात घडविलेली बंदूकही राजाकडे धाडली. ह्या मिश्र कारागिरीतून जो चाप तयार झाला, तो पोर्तुगीज जहाजांबरोबर श्रीलंका, मलाक्का असा प्रवास करीत पुढे गेला. १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर जी बंदूक पोहोचली आणि जिच्या नकला जपानी लोहारांनी काढल्या, ती ह्याच घराण्यातील समजली जाते. आपल्या किनाऱ्यावरील लोहाराचा हातोडा जपानपर्यंत ऐकू गेला असे म्हणावयास हरकत नाही.

देशावर मात्र जुनी तोड्याची बंदूकच एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. तिची रचना साधी. लांब नळी, तिच्या मागच्या टोकास बाजूला एक बारीक छिद्र, त्याला 'कान' म्हणत. कानापाशी लहानशी वाटी, तीत बारीक दारू, ती 'रंजक'. सुताचा पेटता दोर म्हणजे 'तोडा' किंवा 'जामगी'. चाप ओढला की जामगी रंजकेवर पडावयाची, रंजक पेटून कानातून आत आग जावयाची आणि मग बार उडावयाचा. दारू व गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासावी लागे, म्हणून ती 'ठासणीची' बंदूक. पुढे जामगीच्या जागी गारगोटी आली, गारगोटीच्या जागी तांब्याची टोपी आली, तरी ठासणी तशीच राहिली. आणि कोकणात तर हा शब्द आजही जिवंत आहे. मराठी भाषेने ह्या बंदुकीचे किती देणे घेतले आहे पाहा. एखादी गोष्ट आपण 'ठासून' सांगतो. कोणाचा 'बार फुसका' जातो. हे शब्द नळीच्या तोंडातून आलेले आहेत.

नळीच्या पुढील टोकावर जो बारीक उंचवटा असतो त्याला मराठीत 'माशी' म्हणत. हा शब्द मला फार आवडतो. नळीवर खरोखरच माशी बसली आहे आणि तिच्या आडून जनावर दिसते आहे, असे चित्र त्यात आहे.

आता ही बंदूक चुकत का असे? ह्याचे शास्त्रशुद्ध उत्तर प्रथम बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञाने दिले. त्याचा तोफविद्येवरील ग्रंथ १७४२ साली प्रसिद्ध झाला. गुळगुळीत नळीत गोळी थोडी सैल बसते. सैल नसेल तर काजळी धरलेल्या नळीत ती ठासताच येणार नाही. इंग्रजी पलटणीच्या बंदुकीची नळी सुमारे पाऊण इंच व्यासाची आणि गोळी त्याहून इंचाचा विसावा भाग बारीक असे. बार उडाला की ही सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते. शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्यानुसार तिला फिरकी मिळते आणि फिरकीनुसार ती हवेत वळते. रॉबिन्सने एक मजेदार प्रयोग केला. त्याने नळीचे टोक डावीकडे वाकविले. गोळी प्रथम डावीकडे गेली हे ठीकच. परंतु पुढे जाऊन ती उजवीकडे वळली! वाकलेल्या नळीच्या उजव्या भिंतीवर घासल्यामुळे तिला जी फिरकी लागली होती, तिनेच तिला उजवीकडे ओढले. क्रिकेटचा चेंडू हवेत वळताना पाहणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगितले तर लगेच उमजेल.

म्हणजे रोग दोन. गोळीची सैल बैठक हा एक आणि प्रत्येक बार वेगळा असणे हा दुसरा. गावातील शिकारी रॉबिन्सचे नाव जाणत नव्हता. परंतु दुसऱ्या रोगावरील औषधे त्याच्या घरातच होती.

पहिले औषध म्हणजे माप. दारू मुठीच्या अंदाजाने घातली तर एक बार जोरकस आणि दुसरा मिळमिळीत होतो. बांबूचे नळकांडे किंवा शिंगाचा तुकडा कापून एकच माप ठरविले की हा दोष बराच जातो. हिशेब करून पाहावा. शंभर यार्ड अंतर काटताना गोळीचा सरासरी वेग सेकंदाला १,४०० फूट असेल तर ती वाटेत सुमारे ९ इंच खाली येते. वेग १,१०० फूट झाला तर ती १४ इंचांहून अधिक खाली येते. पाच इंचांचा हा फरक म्हणजे हरणाच्या काळजाऐवजी त्याच्या पायाला गोळी. एवढे सगळे एका बांबूच्या नळकांड्यावर अवलंबून!

दुसरे औषध ऊन. दारूतील सोरा दमट हवेत ओल धरतो आणि मावळातील पावसाळा तर प्रसिद्धच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, गडावरील दारूखान्याविषयी बारकाईने लिहिले आहे. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी जातीने येऊन दारू व बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावेत, असा त्याचा आशय आहे. अमात्यांना नेमाची चिंता होती असे नव्हे, त्यांना दारू वाया जाऊ द्यावयाची नव्हती. परंतु सुकी दारू आणि नेमका बार ही एकाच घरची भावंडे आहेत.

तिसरे औषध गरम पाणी. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग राख आणि क्षार ह्यांच्या रूपाने मागे राहतो. दोन-चार बारांनंतर नळी आतून अरुंद होते, गोळी कधी अर्ध्यावर अडकते, कधी जबरदस्तीने ठासताना वेडीवाकडी होते. हे क्षार तेलाने निघत नाहीत, पाण्याने विरघळतात. म्हणून शिकारीहून आल्यावर नळीत ऊन पाणी ओतावयाचे, गजाला चिंधी गुंडाळून नळी पुसावयाची, कान सुईने मोकळा करावयाचा आणि मग तेलाचा हात द्यावयाचा, असा हा रोजचा संस्कार. आळशी माणसाच्या बंदुकीला वर्षभरात गंज चढे आणि गंजलेल्या नळीचे वागणे कोणालाच सांगता येत नसे.

चौथे औषध कानस. हे जरा नाजूक काम आहे. गोळी सतत खाली लागत असेल तर माशी किंचित घासावयाची, म्हणजे नेम धरताना नळीचे तोंड आपोआप वर येते. गोळी डावीकडे जात असेल तर माशी डावीकडे सरकवावयाची. नवख्याला हे उलटे वाटते आणि तो माशी उजवीकडे ढकलून आपली चूक दुप्पट करून घेतो. मागची खाच सरकवावयाची असेल तर नियम बरोबर उलटा. किती सरकवावयाचे? मागची खाच आणि माशी ह्यांत तीस इंचांचे अंतर धरू. आपले सुतार ज्याला 'सूत' म्हणतात तो इंचाचा आठवा भाग. माशी पाव सूत हलली तर शंभर यार्डांवर गोळी पावणेचार इंच हलते! म्हणून जाणता माणूस कानशीचे दोन हात मारून थांबे, झाडाच्या बुंध्यावर किंवा मातीच्या बांधावर तीन बार काढून पाही आणि मगच पुढचे दोन हात मारी. एका बारावरून तो काही ठरवीत नसे. घासलेले लोखंड परत चिकटविता येत नाही.

लाकडाचीही एक गोष्ट आहे. बंदुकीचा दस्ता बहुधा शिसवीचा. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि नळीवर त्याचा दाब बदलतो. आषाढात बरोबर लागणारी बंदूक वैशाखात चुकू लागते ती ह्यामुळे. दस्त्याला तेल पाजणे, नळीचे पट्टे सारखे आवळणे आणि स्क्रू असल्यास ते दर वेळी तितकेच कसणे, हा त्यावर उपाय. आजच्या महागड्या रायफलींची नळी पुढच्या बाजूला लाकडाला स्पर्शच करणार नाही अशी मोकळी ठेवतात, त्यामागे हेच कारण आहे.

लांब नळी आणि सावकाश धरलेला नेम ह्यांमुळे देशी बंदूक कधी कधी इंग्रजी बंदुकीला भारी पडे. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात (१८३९–४२) पठाणांच्या जेजालांनी डोंगरमाथ्यांवरून हे दाखवून दिले. इंग्रजी बंदुकीची गोळी जेथे पोहोचत नव्हती तेथून जेजालाची गोळी येत होती.

पहिला रोग, म्हणजे गोळीची सैल बैठक, घरगुती औषधांनी पुरता बरा होत नाही. त्याला नळीच्या आत पेचदार खाचा पाडाव्या लागतात. जर्मन प्रदेशांत ही विद्या सोळाव्या शतकापासून होती. खाचांमुळे गोळीला एका ठरीव दिशेने फिरकी मिळते आणि भोवऱ्याप्रमाणे ती आपला तोल सांभाळते. 'रायफल' हे नावच खाचा पाडण्याच्या क्रियेवरून पडले. युरोपातील साध्याभोळ्या लोकांना ह्या अचूकतेत सैतानाचा हात दिसे. मंतरलेल्या गोळ्यांच्या आख्यायिका तेथे कितीतरी आहेत. कार्ल मारिया फॉन वेबरचा १८२१ साली बर्लिनमध्ये रंगभूमीवर आलेला प्रसिद्ध ऑपेरा अशाच एका आख्यायिकेवर बेतलेला आहे. सहा गोळ्या शिकाऱ्याच्या, सातवी सैतानाची! वास्तविक शिकाऱ्यांचे पालक संत ह्युबर्ट ह्यांचा सण ३ नोव्हेंबरला साजरा करणाऱ्या त्याच लोकांनी ह्या खाचा शोधल्या, आणि त्यांत मंत्र नव्हता, पोलादाचे एक हत्यार आणि अपार सोशीकपणा होता.

खाचांच्या नळीतही गोळी ठासावयाची तर ती किंचित लहान हवी आणि लहान असेल तर खाचांना पकडणार कशी? येथे चिंधी कामास आली. चरबी किंवा तेल लावलेला पातळ कापडाचा तुकडा नळीच्या तोंडावर ठेवावयाचा, त्यावर गोळी, आणि दोन्ही मिळून ठासावयाचे. कापड खाचांत घट्ट बसते, गोळीला फिरविते आणि जाता जाता मागच्या बाराची काजळीही पुसते. पेनसिल्व्हेनियात वसलेल्या जर्मन कारागिरांनी ही पद्धत अमेरिकेत नेली आणि तेथील रानात तिचे सोने झाले. एका चिंधीने अवघ्या शिकारीचे रूप पालटले.

आपल्या मुलखाशी जवळचा संबंध असलेली दोन माणसे ह्या इतिहासात येतात. पहिला जॉन जेकब. मुंबई इलाख्याच्या तोफखान्यातील हा अधिकारी एका इंग्रज धर्मगुरूचा मुलगा. सिंधमध्ये त्याच्या नावाने जेकबाबाद शहर वसले. तेथील सपाट वाळवंटात त्याने वर्षानुवर्षे चार खाचांच्या नळीचे प्रयोग केले आणि आपली रायफल २,००० यार्डांपर्यंत नेम धरता येईल अशी घडवून घेतली. डिसेंबर १८५८ मध्ये तो वारला. दुसरा कॅप्टन जेम्स फोर्सिथ. त्याची नोकरी मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरच्या अमलाखालील रानांत झाली. १८६३ साली त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या ह्यांवर एक पुस्तक लिहिले. जेकबचे सारे लक्ष लांब पल्ल्यावर, तर फोर्सिथचे म्हणणे अगदी निराळे. शिकारीतील बहुतेक बार शंभर यार्डांच्या आत होतात, मग दोन हजार यार्डांचा हव्यास कशाला? त्याने मोठी नळी, भरपूर दारू, तेलकट कापडात गुंडाळलेली गोल गोळी आणि अतिशय मंद पेच, जवळजवळ नऊ फुटांत एक फेरा, अशी रचना सुचविली. गोळी सरळ रेषेत जावी, अंतराचा अंदाज चुकला तरी नेम चुकू नये, हा त्याचा हेतू होता. मला स्वतःला दोघांपैकी फोर्सिथ अधिक पटतो. जेकबने यंत्राकडे पाहिले, फोर्सिथने जनावराकडे पाहिले.

त्याच चरबीच्या चिंधीने हिंदुस्थानचा इतिहास हादरविला, हे वाचकांना ठाऊक आहेच. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीचे काडतूस कागदाचे असे. त्याचे टोक दातांनी फाडून दारू ओतावयाची आणि चरबी लावलेल्या कागदासह गोळी ठासावयाची. अमेरिकेतील शिकाऱ्याच्या कापडाचे काम येथे कागद करीत होता. ती चरबी कोणत्या जनावराची, ह्या प्रश्नाने १८५७ च्या आरंभी शिपायांची मने पेटली. सरकारने घाईघाईने परवानगी दिली, की शिपायांनी स्वतःच मेण आणि तेल आणून काडतुसांना लावावे. म्हणजे शिकारी जे घरी करीत होता ते! परंतु तोवर विश्वास उडाला होता. जुलै संपता संपता आपल्या कोल्हापुरातील २७ व्या पलटणीपर्यंत ठिणगी पोहोचली.

बंडानंतर काय झाले ते शिरवळच्या आणि दक्षिणेच्या शिकाऱ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. १८५७ सालीच निःशस्त्रीकरणाचा कायदा झाला. घरोघरच्या बंदुका, तलवारी सरकारात जमा कराव्यात, असा हुकूम सुटला. मराठा घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात हलगली नावाचे गाव आहे. तेथील बेरड हे परंपरेने शिकारी. शस्त्र देणे म्हणजे पोट देणे आणि अब्रूही देणे, असे त्यांना वाटले. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी नकार दिला. फौज आली, गावाला आग लागली, माणसे मारली गेली आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना डिसेंबरात फाशी देण्यात आले. ह्या लोकांनी दिल्लीच्या बादशहासाठी लढा दिला नव्हता. भिंतीवरची बंदूक भिंतीवरच राहावी, एवढीच त्यांची मागणी होती. कन्नड लोकगीतांनी त्यांची आठवण राखली. मराठी इतिहासाने त्यांच्याकडे जरा कमीच लक्ष दिले, असे खेदाने म्हणावे लागते. शेजारच्या नरगुंदचे बाबासाहेब भावे ह्यांच्या उठावामागेही शस्त्रे काढून घेतल्याचा राग हे एक कारण होते. जून १८५८ मध्ये बेळगावात त्यांना फाशी झाली.

नीरेच्या खोऱ्यातील रामोशी हे बेरडांचे नातलगच समजले जातात. पुरंदर आणि आसपासच्या गडांची राखण ही त्यांची पिढीजात वृत्ती. कंपनी सरकारने ती काढून घेतली, तेव्हा उमाजी नाईक उठले. भिवडी गावी १७९१ साली जन्मलेल्या ह्या माणसाने पुणे-सातारा मुलखात सरकारला अनेक वर्षे झोप लागू दिली नाही. डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळच्या उत्रोळी येथे ते पकडले गेले. शिरवळपासून हे गाव फार दूर नाही. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. त्यांच्या पाठीवर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढे १८३३ साली रामोश्यांवर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. शत्रूने लिहिलेले असले तरी त्या समाजाची माहिती त्यात पुष्कळ सापडते. रामोश्याची बंदूक म्हणजे त्याच्या चाकरीची खूण होती. चाकरी गेली, मग बंदूक हाच गुन्हा ठरला.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा सर्वंकष कायदा आला. परवान्याशिवाय कोणी बंदूक बाळगावयाची नाही. युरोपियनांना मात्र सूट. हा पक्षपात लोकांच्या मनाला फार लागला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून राष्ट्रीय सभेने ह्या कायद्याविरुद्ध ठराव केले. वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ च्या फेब्रुवारीत रामोश्यांना घेऊन धामारीवर पहिला छापा घातला, तो हा कायदा नुकताच झाला असताना.

कायद्याने बंडे थांबली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. एक गोष्ट मात्र निश्चित घडली. गावोगावचा बंदूक दुरुस्त करणारा लोहार संपला. नळीतून ताणलेला दोरा पाहून ती सरळ आहे की वाकडी हे सांगणारा, कान नव्याने पाडून देणारा, माशी बसविणारा हा कारागीर परवान्यांच्या राज्यात जगू शकला नाही. त्याच्या मुलांनी नांगराचे फाळ आणि बैलगाडीच्या धावा केल्या. सुधारणेची विद्या गेली आणि उरल्या त्या जुन्या, न सुधारलेल्या नळ्या. चोरून बाळगलेली बंदूक माणूस झाडावर तीन बार काढून तपासीत नाही. आवाज होतो. ती न तपासताच जनावरावर चालविली जाते. जखमी होऊन पळालेल्या जनावरांची संख्या ह्या कायद्याने वाढलीच असली पाहिजे, असा माझा तर्क आहे.

साहेबांच्या शिकारीलाही सरकारी भीतीचा एकदा फटका बसला, हे येथे गमतीने नमूद करावेसे वाटते. लष्करी दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या रायफलींवर बंदी आली आणि इंग्लंडातील कारखानदारांना रातोरात .४७० वगैरे नवे व्यास काढावे लागले. लष्कराचा .३०३ व्यासही खाजगी माणसाला वर्ज्य. म्हणूनच स्वतंत्र भारतातील सरकारी कारखान्याने शिकाऱ्यांसाठी रायफल काढली ती .३१५ व्यासाची.

१९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला. शेताच्या संरक्षणासाठी शेतकऱ्याला परवान्याची बंदूक मिळू शकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झाले. जावळीच्या रानांतून वाघ जवळपास नाहीसे झाले होते. आज रानडुकरे भुईमूग आणि ऊस उद्ध्वस्त करतात, शेतकरी रात्र रात्र माचावर बसतो, तरी वनखात्याच्या परवानगीवाचून त्याला बार टाकता येत नाही. फटाक्यांवर भागवावे लागते. ह्या प्रश्नात मी पडत नाही. एवढेच सांगतो की ज्यांना कधी काळी परवानगी मिळते, त्यांची बंदूक बहुधा वर्षानुवर्षे न तपासलेली असते.

नेमाची विद्या आता शिकारीकडून खेळाकडे गेली आहे आणि आनंदाची गोष्ट अशी की ती आमच्या शेजारच्या जिल्ह्यात बहरली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर रायफल प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे ह्यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच अंतरावर, तीन आसनांच्या प्रकारात, ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. ह्या खेळाडूंची तयारी पाहिली तर जुना शिकारी चकित होणार नाही, ओळखीचे हसेल. नळीचा दाब सारखा राहावा म्हणून स्क्रू मोजून कसतात. मागची नजर टिचकी-टिचकीने सरकवितात आणि एका गोळीवरून काही ठरवीत नाहीत. आणि काडतुसे विकत घेण्यापूर्वी कारखान्याच्या वेगवेगळ्या घाण्यांतील नमुने, नळी पक्क्या चिमट्यात धरून, आपल्याच बंदुकीतून उडवून पाहतात. ज्या घाण्याच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ पडतात त्याचा क्रमांक टिपून घेतात आणि त्याच क्रमांकाची खोकी पुढच्या हंगामासाठी मागवितात.